कोणी तुपाशी, कोणी उपाशी : जठराचा कर्करोग, मेद आणि शरीराचे पहारेकरी

जठराच्या कर्करोगाचे निदान झाले, की आठवड्याभरात त्या घरातल्या स्वयंपाकघराचे नियम बदलतात. तूप बंद होते, फोडणीतले तेल अर्ध्यावर येते, दुधावरची साय बाजूला काढली जाते. कोणीतरी सांगितलेले असते, की गाठ चरबीवर पोसते. चरबी तोडली की ती उपाशी मरेल. आम्हा जैनांत तर रसत्यागाची परंपराच आहे. तूप, तेल, दूध, दही यांचा काही काळ त्याग करणे हे आमच्याकडे तप मानले जाते, त्यामुळे हा सल्ला आमच्या घरांत फार लवकर रुजतो. काही घरांत याच्या अगदी उलट घडते. मोबाइलवर संदेश येतो, की कर्करोग साखरेवर जगतो, भात-भाकरी बंद करा आणि लोणी-तूप-खोबरेल खा. दोन्ही घरांत रुग्णाचे वजन आधीच उतरू लागलेले असते आणि या प्रयोगाने ते आणखी वेगाने उतरते.

वाचकहो, या दोन्ही सल्ल्यांत थोडेसे तथ्य आहे, म्हणूनच ते खोडून काढणे अवघड जाते. कर्करोगाच्या पेशी चरबी वापरतात, हे खरे. पण ताटात चरबी किती वाढली, यापेक्षा गाठीच्या आवारात ती कोणाच्या वाट्याला येते आणि तिथे तिचे काय होते, हा प्रश्न कितीतरी मोठा आहे. आपण म्हणतो, कोणी तुपाशी, कोणी उपाशी. गेल्या वीस वर्षांत जठराच्या कर्करोगावर झालेल्या संशोधनाचा एक महत्त्वाचा भाग म्हणजे जणू या म्हणीचाच विस्तार आहे. तो जरा सावकाश समजून घ्यावा, म्हणून हे लिहीत आहे.

चरबी हा शब्द आपण तिरस्कारानेच वापरतो. ‘अंगावर चरबी चढली’ म्हणजे माज आला. शरीरशास्त्रात मात्र मेद, म्हणजे लायपिड, हे एक मोठे कुटुंब आहे. तेल-तुपातले ट्रायग्लिसराइड त्यात आले, ते फुटून निघणारी मेदाम्ले आली, कोलेस्टेरॉल आले, फॉस्फोलिपिड आली. या कुटुंबाची कामे मुख्यतः तीन. पहिले काम भिंत बांधण्याचे: शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवतीचे पातळ पटल मेदाचेच असते. दुसरे इंधनाचे: एक ग्रॅम चरबीतून सुमारे ९ कॅलरी मिळतात, पिष्टातून ४. तिसरे काम निरोप पोहोचवण्याचे. प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायने मेदाम्लापासूनच तयार होतात आणि एका पेशीचा निरोप दुसरीला देतात. सूज, वेदना, ताप यांत त्यांचा हात असतो. हे तिसरे काम आपल्या खिजगणतीतही नसते. पुढे ते लागणार आहे.

कर्करोगाच्या पेशीला सतत दुभंगायचे असते. एकीच्या दोन व्हायच्या म्हणजे भिंत दुप्पट हवी, आणि भिंतीला मेद हवा. मोठ्या माणसाच्या बहुतेक निरोगी पेशी लागणारी मेदाम्ले रक्तातून घेतात. कर्करोगाच्या अनेक पेशी मात्र स्वतःचा घाणाच घालतात. फॅटी ॲसिड सिंथेज नावाचे एक विकर आहे. साखरेतून निघालेल्या कच्च्या मालापासून ते मेदाम्ल घडवते. जठरासह अनेक अवयवांच्या कर्करोगांत हे विकर वाढलेले आढळते. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखे खातात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवले होते. त्या ग्लुकोजचा एक भाग या घाण्यात जातो. म्हणजे तूप बंद केले, तरी भाकरीपासून चरबी करण्याची सोय गाठीजवळ आहे. भाकरीही बंद केली, तर शरीर आपल्या साठ्यातली चरबी फोडून रक्तात सोडते आणि गाठ ती उचलते. ताट रिकामे ठेवून गाठीचा शिधा बंद होत नाही. उपाशी राहतो तो रुग्ण.

जठराची गोष्ट मात्र कर्करोगाच्या पुष्कळ आधी, एका जंतूपासून सुरू होते. जठरातल्या आम्लात कोणताही जंतू टिकणार नाही, असे आमच्या आधीच्या पिढीला शिकवले गेले होते. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये जठराच्या अस्तरातून एक मळसूत्री आकाराचा जंतू वाढवून दाखवला. लोकांना पटेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्याचे आजचे नाव. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्ये त्याला मानवात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातले आणि २००५ मध्ये वॉरन-मार्शल यांना नोबेल मिळाले.

या जंतूची एक खोड आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. त्याला स्वतः कोलेस्टेरॉल बनवता येत नाही. तो जठराच्या पेशींच्या पटलातून ते ओढून घेतो आणि त्याला ग्लुकोजचा एक कण जोडतो. असे का, याचे उत्तर बर्लिनमधील संशोधकांनी २००६ मध्ये दिले. जंतूच्या अंगावर साधे कोलेस्टेरॉल भरपूर असले, तर आपल्या भक्षक पेशी त्याला चटकन गिळतात आणि पुढची प्रतिकाराची फौज जागी करतात. तेच कोलेस्टेरॉल साखरेत घोळवलेले असले, की भक्षक पेशी त्याला सोडून देतात. घरातलाच माल चोरायचा, त्यावर साखरेचा लेप द्यायचा आणि तो पांघरून पहारेकऱ्यासमोरून जायचे, असा हा प्रकार. मेद आणि प्रतिकारशक्ती यांचा झगडा जठरात गाठ दिसण्याच्या कित्येक वर्षे आधी सुरू झालेला असतो, तो असा.

भारतात हा जंतू फार लोकांच्या पोटात आहे. पण जपान, कोरिया, चीनच्या मानाने आपल्याकडे जठराचा कर्करोग कमी आहे. या कोड्याला वैद्यकीय साहित्यात नावेही पडली आहेत. अपवाद मिझोरामचा. देशात या रोगाचे प्रमाण तिथे सर्वांत जास्त आहे, आणि तंबाखूचा धूर मुरवलेले पाणी तोंडात धरण्याची सवय तसेच धुरावर सुकवलेले खारवलेले मांस-मासे यांच्याकडे अभ्यासकांनी बोट दाखवले आहे. म्हणजे जंतू एकटा पुरत नाही. मीठ, तंबाखू, आनुवंशिकता आणि त्या त्या जंतूची जात यांची साथ त्याला लागते. जगाचा विचार केला, तर २०२२ या एका वर्षात सुमारे ९ लाख ७० हजार लोकांना जठराचा कर्करोग झाला आणि सुमारे ६ लाख ६० हजार दगावले. नवे रुग्ण आणि मृत्यू या दोन्ही बाबतींत कर्करोगांत त्याचा क्रमांक पाचवा होता.

जंतूपासून कर्करोगापर्यंतची वाट विकृतिशास्त्रज्ञ पेलायो कोरेआ यांनी १९७० च्या दशकापासून उलगडून दाखवली. आधी जुनाट सूज, मग अस्तर झिजणे, मग जठराच्या अस्तराने आतड्याचे रूप घेणे, मग पेशींची बेशिस्त वाढ आणि शेवटी कर्करोग. यातला तिसरा टप्पा पाहा. चरबी शोषणे हे आतड्याचे काम. जठराचे ते नव्हे. पण अस्तराने आतड्याचे रूप घेतले, की आतड्याची विद्याही त्याच्याकडे येते. मेदाम्ले उचलून आत नेणारी प्रथिने त्या पेशींत दिसू लागतात. जपानचे केंशी याओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये वर्णन केले, की मोठे करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पाहताना काही जठरांच्या अशा बिघडलेल्या अस्तरावर एक पांढरट, अपारदर्शक थर दिसतो. पुढे तपासल्यावर तो मेदाच्या सूक्ष्म थेंबांचा निघाला. एरवी आपण या गोष्टी कागदावर वाचतो. इथे डॉक्टरला चरबी डोळ्यांनी दिसते आणि गाठ कोणत्या प्रकारची असावी याचा अंदाज बांधायला तिची मदतही होते.

आता पहारेकऱ्यांकडे वळू. कर्करोगाची गाठ म्हणजे नुसत्या कर्करोगाच्या पेशींचा गोळा नव्हे. तिच्यात रक्तवाहिन्या असतात, तंतू असतात आणि शरीराच्या प्रतिकारसेनेच्या असंख्य पेशी असतात. या वस्तीला मी गाठीचे आवार म्हणतो. त्यात मारक टी पेशी असतात. बिघडलेली पेशी ओळखून ठार करणे हे त्यांचे काम. काही मारक पेशी एखाद्या अवयवात कायमचा मुक्काम करतात, गावात राहणाऱ्या राखणदारासारख्या. नियामक टी पेशींचे काम वेगळे: सेनेने स्वतःच्याच शरीरावर उठू नये म्हणून तिला आवरायचे. या नियामक पेशी जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये पुढे आणल्या आणि २०२५ चे नोबेल त्यांना मेरी ब्रुन्को व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळाले. निरोगी शरीरात या पेशी नसतील तर हाहाकार होईल. पण गाठीच्या आवारात त्यांची गर्दी झाली, की त्या चुकीच्या बाजूचे रक्षण करू लागतात. शिवाय भक्षक पेशी असतात, आणि शत्रूचा तुकडा टी पेशींना नेऊन दाखवणाऱ्या खबऱ्या पेशी असतात.

मारक पेशींना एक लगामही असतो, त्याचे नाव पीडी-१. कर्करोगाची पेशी तो लगाम ओढून मारक पेशीला जागच्या जागी थांबवते. लगाम सोडवणारी औषधे आली, त्यांना इम्युनोथेरपी म्हणतात. त्यामागच्या शोधांसाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. जठराच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगात केमोबरोबर असे एक औषध पहिल्या उपचारापासूनच देण्यास अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. पण हे औषध सगळ्यांना सारखे लागू पडत नाही. २०१४ मध्ये जठराच्या गाठींचे जनुकांवरून चार गट पाडले गेले. ईबीव्ही विषाणू असलेला गट सुमारे ९ टक्के, डीएनएतील चुका दुरुस्त न होणारा एमएसआय गट सुमारे २२ टक्के. या दोन गटांत औषधाला चांगला प्रतिसाद मिळण्याची शक्यता जास्त. उरलेल्या बहुसंख्य गाठींत लगाम सोडूनही अनेकदा मारक पेशी हलत नाहीत. का हलत नाहीत, याचे एक उत्तर चरबीत सापडले.

मुक्कामी राखणदार पेशींचे घ्या. चिनी संशोधकांनी २०२० मध्ये जठराच्या कर्करोगातल्या या पेशी तपासल्या. त्यांचा उदरनिर्वाह मेदाम्ले जाळूनच चालतो असे दिसले. मेदाम्ले न मिळाल्यास त्या मरतात. कर्करोगाच्या पेशींबरोबर एकाच भांड्यात ठेवल्यावर मेदाम्ले ओढून घेण्याच्या स्पर्धेत कर्करोगाच्या पेशी जिंकल्या आणि राखणदार उपासमारीने गेले. या ओढाओढीत दोन्ही बाजू एकाच जातीची वाहक प्रथिने वापरतात. आणि लगाम सोडवण्याच्या उपचाराने ही प्रथिने कर्करोगाच्या पेशींत कमी झाली, राखणदारांत वाढली. राखणदारांना पुन्हा मेदाम्ले मिळू लागली. मला हा भाग फार बोलका वाटतो. इम्युनोथेरपी मारक पेशींचे हात मोकळे करते एवढेच आपण ऐकतो. इथे ती त्यांच्या ताटात वाढतेही आहे.

दुसरे उदाहरण जपानचे, तेही २०२० चेच. जठराच्या कर्करोगाचा एक प्रकार गाठ न बांधता जठराच्या भिंतीत पसरत जातो. त्याला डिफ्यूज म्हणतात, आणि तो तरुण माणसांतही दिसतो. या प्रकारच्या बऱ्याच रुग्णांत आरएचओए या जनुकात बिघाड असतो, हे २०१४ मध्ये कळले होते. हा बिघाड असलेल्या पेशी भरमसाट मेदाम्ले तयार करून आवारात सोडतात, असे जपानी गटाने दाखवले. ती खाण्यात नियामक पेशी पटाईत असतात. हल्ला करणाऱ्या टी पेशींना ती तितकी पचत नाहीत. परिणाम असा, की गाठीभोवती नियामक पेशींची भरभराट होते आणि हल्लेखोर पेशी विरळ होतात. उंदरांवरील प्रयोगात अशा गाठींवर पीडी-१ विरोधी औषध एकटे चालले नाही. पण मेदाम्ले बनवण्याचा हुकूम देणारी पेशीतली साखळी, पीआय-३-के, अडवणारे औषध जोडीला दिल्यावर ते चालले.

आधीच्या उदाहरणात राखणदार चरबीवाचून मेले. इथे चरबीच्या सुकाळाने नियामक माजले. एकाच अवयवाचा एकच रोग, आणि दोन गाठींतले वाटप इतके निराळे. ‘चरबी वाईट’ किंवा ‘चरबी चांगली’ असे एका वाक्यात सांगणाऱ्याला या प्रयोगांपैकी एकही समजावून सांगता येणार नाही.

भक्षक पेशींची तऱ्हा आणखी वेगळी. जठराच्या गाठीतील भक्षक पेशींत मेदाचे थेंब साचलेले आढळतात. अशा फुगलेल्या पेशी गाठीला गिळायचे सोडून तिच्या वाढीस मदत करू लागतात. खबऱ्या पेशी चरबीने भरल्या, की शत्रूचा तुकडा नीट दाखवू शकत नाहीत, हेही अन्य कर्करोगांत २०१० पासून माहीत आहे. आणि मघाशी ज्या तिसऱ्या कामाचा उल्लेख केला, ते निरोपाचे काम: जंतूच्या जुनाट सुजेत आणि जठराच्या गाठीतही सीओएक्स-२ हे विकर वाढते. ते मेदाम्लापासून प्रोस्टाग्लँडिन ई-२ घडवते आणि त्याचा निरोप मारक पेशींना ‘थांबा’ असा असतो. म्हणजे चरबी इथे जेवणही आहे आणि हुकूमही.

एक गोष्ट राहिली, खवटपणाची. जुने तेल, जुने शेंगदाणे खवट होतात, म्हणजे त्यांतल्या मेदाम्लांवर प्राणवायूची रासायनिक क्रिया होते. पेशीच्या पटलातही हे घडू शकते, आणि तिथे लोह त्याला हातभार लावते. मेद असा खवट होत गेला, की पेशी एका विशिष्ट पद्धतीने मरते. त्या मरणाला २०१२ मध्ये फेरोप्टोसिस हे नाव मिळाले. २०२१ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले, की गाठीत शिरलेल्या मारक पेशी सीडी-३६ नावाच्या दारातून असा बिघडलेला मेद आत घेतात आणि त्यांची धार जाते. काही तर मरतातच. ते काम मुख्यतः उंदरांतल्या मेलॅनोमासारख्या गाठींवर झाले आहे. तेच नियामक पेशी याच दाराने मेद घेऊन तग धरतात, हे २०२० मध्ये दिसले होते. एकाला जे बाधते ते दुसऱ्याला मानवते. एकाच पंगतीतला अनुभव आपल्यालाही असतोच.

जठराच्या खालच्या कडेपासून आतड्यांवर चरबीचा एक पडदा लोंबत असतो. शल्यचिकित्सक त्याला ओमेंटम म्हणतात, संस्कृतात वपा. पोटात कुठे सूज आली किंवा छिद्र पडले, की हा पडदा तिथे जाऊन चिकटतो आणि जागा बंद करतो. म्हणून जुने सर्जन त्याला पोटातला पोलीस म्हणत. त्यात प्रतिकारपेशींच्या छोट्या चौक्याही असतात. आणि नेमके इथेच जठराचा कर्करोग पसरून बसतो. चरबीच्या पेशी शेजारच्या कर्करोगाच्या पेशींना मेदाम्ले पुरवतात, हे अंडाशयाच्या कर्करोगात शिकागोच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले होते. पोलिसांची चौकी धान्याच्या कोठारातच असावी आणि कोठारावर दरोडा पडावा, तशी ही जागा आहे. पोटात पाणी होणे, आतडी अडणे हे पुढचे त्रास बहुधा पोटाच्या आवरणात झालेल्या या पसरण्यातून येतात.

एवढे समजल्यावर स्वयंपाकघरात परत येऊ. जठराच्या कर्करोगात माणूस झिजतो. भूक मरते, दोन घासांत पोट भरते, आणि गाठ व तिच्या भोवतीची सूज मिळून शरीरातली चरबी आणि स्नायू फोडायला लावतात. हा झिजणारा माणूस केमो सोसू शकत नाही, शस्त्रक्रियेनंतर लवकर उठत नाही, आणि त्याची प्रतिकारशक्तीही दुबळी होते. युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या मार्गदर्शनानुसार कर्करोगाच्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि एक ग्रॅमपेक्षा जास्त, शक्यतो दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने हवीत. साठ किलोच्या माणसाला म्हणजे १५०० ते १८०० कॅलरी आणि ६० ते ९० ग्रॅम प्रथिने. वजन घटत असेल आणि शरीर साखर नीट वापरत नसेल, तर कॅलरीतला चरबीचा वाटा वाढवावा असेही त्यांत सांगितले आहे. आणि आपण काय करतो? तूप बंद करतो. एक चमचा तुपात सुमारे ४५ कॅलरी असतात. ज्याला चार घासांपलीकडे जात नाही, त्याच्या मऊ भातावर ते दोन चमचे तूप फार मोलाचे आहे.

जठर काढल्यानंतरचा हिशेब थोडा निराळा. गोड पदार्थ झपाट्याने आतड्यात उतरतात आणि घाम, धडधड, गरगरणे सुरू होते. बेळगावचा कुंदा कितीही प्रिय असला, तरी तो तेव्हा नको. खाणे थोडे थोडे, दिवसातून सहा वेळा. चरबी काहींना पचत नाही. शौच फिकट, तेलकट, चिकट होऊ लागली तर तूप एकदम सोडू नका. डॉक्टरांना सांगा, पाचक विकरांच्या कॅप्सूल मिळतात. पूर्ण जठर काढले असेल, तर बी-१२ शोषायला लागणारा घटकच तयार होत नाही, म्हणून बी-१२ आयुष्यभर बाहेरून द्यावे लागते, बहुधा इंजेक्शनने. शाकाहारी माणसाचा साठा मुळातच कमी असतो, त्याने तर हे टाळूच नये.

सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या घरांत सहा वेळा खाणे बसवताना पंचाईत होते. सकाळी लवकर सुरुवात करून दर दोन तासांनी मुगाचे कढण, ताज्या दह्याचे ताक, पनीर, शेंगदाण्याची चटणी घातलेला भात असे बसवता येते. हिवाळ्यात दिवस लहान, तेव्हा जास्त कठीण. उपचार चालू असताना रसत्याग आणि लांब उपवास करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. नियम घेतला असेल, तर आपल्या गुरूंना आजार सांगून सवलत विचारावी. त्यात कमीपणा नाही.

मेद अडवणारी औषधे कर्करोगावर चालतील का, हा प्रश्न सुशिक्षित वाचक विचारतोच. वजन कमी करण्याचे ऑर्लिस्टॅट हे औषध प्रयोगशाळेत मेदाम्ल बनवणारे विकर अडवते, हे २००४ मध्ये दिसले. पण पोटात घेतल्यावर ते रक्तात जवळजवळ शोषलेच जात नाही, आणि झिजणाऱ्या रुग्णाची चरबी शोषणे बंद करणे हे तर भलतेच. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांविषयीही निरीक्षणे आहेत. त्या कर्करोगावर उपचार म्हणून द्याव्यात इतका पुरावा नाही. हृदयासाठी त्या चालू असतील तर मनाने बंदही करू नका. या विकरावर नवी औषधे तपासली जात आहेत, ती तज्ज्ञांच्या हाती राहू द्यावीत.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे, म्हणून पुढचे मला लिहिलेच पाहिजे. पोटाचे ऑपरेशन टळावे म्हणून लोक आमच्याकडे येतात. आमच्या गोळ्या गोड असतात आणि चिरफाड नसते. जठराच्या कर्करोगात शस्त्रक्रिया आणि केमो यांना पर्याय म्हणून मी गोळ्या देत नाही आणि कोणी देऊ नयेत. पहिल्या टप्प्यात सापडलेली गाठ काढून माणूस बरा होतो. काही वेळा तर दुर्बिणीतूनच ती खरवडून काढता येते. जपानमध्ये सरकारी तपासणीत २०१६ पासून एंडोस्कोपीही आली, ती याच कारणाने. आपल्याकडे तशी तपासणी नाही. आपल्याकडे ‘पित्त झाले’ म्हणून वर्ष-सहा महिने सोडा, चूर्ण, आम्लाच्या गोळ्या आणि माझ्यासारख्यांचे दवाखाने चालतात. आम्लाच्या गोळ्यांनी कर्करोगाच्या व्रणाचीही जळजळ काही काळ थांबते, हे लक्षात ठेवा. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेले अपचन, कारण नसताना घटलेले वजन, घास अडकणे, थोडक्यात पोट भरणे, सतत उलट्या, डांबरासारखी काळी शौच, कारण न सापडणारा पंडुरोग: यांतले एकही असेल, तर दुर्बिणीची तपासणी करून घ्या. घरात आई-वडील किंवा भावंडांना हा रोग झाला असेल, तर पायलोरी जंतूची तपासणीही करा. तो सापडला तर दोन आठवड्यांच्या औषधांनी बहुधा जातो आणि धोका कमी होतो.

निदान झाल्यावर कागद हातात आला, की नातेवाईक फक्त ‘टप्पा’ विचारतात. त्याबरोबर आणखी चार गोष्टी विचाराव्यात: हर-२, एमएसआय, पीडी-एल-१ आणि ईबीव्ही यांच्या तपासण्या झाल्या का? गाठीच्या आवारात कोण आहे, याची थोडीफार कल्पना यांवरून येते आणि औषध निवडताना त्यांचा उपयोग होतो. या सर्व तपासण्या पहिल्या बायोप्सीच्या तुकड्यावरच होतात. तो तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवून प्रयोगशाळेत ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. मिरज, हुबळी, पुणे, मुंबई, कुठेही पुढे जायचे असेल, तर अहवालाच्या झेरॉक्सबरोबर तो ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या. नोंद करून त्या मिळतात. उन्हात गाडीत ठेवू नका, मेण वितळते.